ब्लोअरच्या पेटीतले दाणे

मंगळवारी भागूबाई मशीनवर गेली नाही. पहाटे साडेपाचला मुंजाजीने गाडी दाराशी आणून लावली, चहा करून दिला, तिची शाल उशाशी ठेवली. पण ती बाजेवरून उठलीच नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुमाला जायचं तर जा. मी न्हाई येत."

दोन वर्षं झाली, दर मंगळवारी आणि शुक्रवारी ही दोघं कुरुंद्याहून नांदेडला जात होती. भागूबाईच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं होतं. आठवड्यातून दोनदा, चार चार तास, दवाखान्यातली मशीन तिचं रक्त धुऊन परत अंगात सोडायची. मशीनची पाळी चुकली की अंगात पाणी साठतं. आधी पाय सुजतात, मग पोट, मग ते पाणी फुप्फुसात चढतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी साध्या शब्दांत सांगून ठेवलं होतं : एखादी पाळी चुकली तर एकवेळ निभावेल, लागोपाठ दोन चुकवू नका.

एक चुकली होती. आज गुरुवार होता, आणि दुसरी उद्यावर आली होती. भागूबाईच्या पायात आज चप्पल शिरत नव्हती. रात्री आडवं पडलं की दम लागे, म्हणून तिने बसून रात्र काढली होती.

"काहून हट्ट करून राहिली भागू?" मुंजाजीने सकाळी पुन्हा विचारलं.

"हट्ट न्हाई. ती मशीनच मला मारून राहिली. तिथं गेलं की दोन दिवस मेल्यागत पडून राहायचं. वकाऱ्या, लाळ, डोळ्यापुढं अंधारी. घरी राहिलं की बरं वाटतं. मंग मरायचंच तर घरी मरते ना. तेवढ्यासाठी नांदेड काहून?"

तिचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. पावणेदोन वर्षं मशीन तिला मानवली होती. थंडी पडली आणि गेल्या दीड महिन्यात तिचं बिनसलं. वाटेतच डोकं धरायची, मळमळायची, तोंडाला पाणी सुटायचं ते थांबायचं नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत नाडी मंद झालेली असायची. तिथली माणसं म्हणायची, असं होतं या पेशंटना. मुंजाजीनेही तेच धरलं होतं. पण ती हट्टाला पेटली ती थंडीमुळे, असा त्याचा अंदाज होता. गेल्या शुक्रवारी परतताना गाडीचा ब्लोअर बंद पडला. मशीनवरून उतरलेल्या माणसाला आधीच हुडहुडी भरते. सगळी वाट ती दात वाजवत बसली होती, आणि घरी आल्यावर म्हणाली होती, "आता बास."

तेव्हा आधी गाडीत गरम हवा सुरू करायची, असं त्याने ठरवलं. गाडी ऊबदार झाली की तिचं मन वळेल.

वसमतचा मेकॅनिक म्हणाला, गाडी सोडून जा, सोमवारी बघतो. सोमवारपर्यंत थांबायला वेळ कुठे होता? मुंजाजीने तीस वर्षं कुरुंद्यात मोटार वाइंडिंगचं दुकान चालवलं होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडून त्यांना तांब्याची नवी तार भरायची, वार्निश पाजायचं आणि पुन्हा फिरवून द्यायच्या, हा त्याचा धंदा. गाडीच्या ब्लोअरमध्येही शेवटी मोटारच असते. त्याने मोटरसायकल काढली आणि आखाडा बाळापूरला वैजनाथच्या दुकानात गेला. वैजनाथ जुन्या, मोडलेल्या गाड्यांचे सुटे भाग विकायचा.

"हीटरचा ब्लोअर?" वैजनाथ हसला. "ओ वायरमन काका, आपल्या जिल्ह्यात हीटर लागतोय व्हय? एप्रिलात या, गाडीच्या टपावर भाकर भाजून देतो."

"मोटर हाय का ते सांग, बाबा."

मुंजाजीचा चेहरा बघून वैजनाथचं हसू गेलं. त्याने आतून मोटार आणली आणि बॅटरीला दोन वायरी लावून दाखवली. पंखा घूं करून फिरला. "समोरच्या काचेवरचं धुकं बी हीच पुसती आणि माणसाला गरम बी हीच करती. एसीला बी हीच. खोलायला सोपी हाय काका. सामान ठेवायचा खण काढा, खाली तीन स्क्रू. काकूंची तब्येत कशी हाय?"

"उद्या नेतो तिला," मुंजाजी म्हणाला.

दुपारी दोन वाजता त्याने अंगणात गाडीचं डावं दार उघडलं, खाली पोतं अंथरलं आणि गुडघ्यावर बसला. कामाची त्याची एक रीत होती, आणि ती त्याने कधी मोडली नव्हती : दोष सापडल्याशिवाय काही बदलायचं नाही. बंद पडलेल्या यंत्रात वीज जिथून निघते तिथून सुरुवात करायची आणि ती जिथे अडते तिथपर्यंत चालत जायचं. आधी त्याने फ्यूज काढून उन्हात धरला. आतली तार शाबूत होती. मग खणाच्या आड हात घालून मोटारीची पिन काढली, तिच्यात टेस्टचा बल्ब लावला आणि चावी फिरवून बटण दाबलं. बल्ब पेटला. म्हणजे वीज येत होती, मोटार घेत नव्हती. दोष मोटारीत. मग त्याने बॅटरीची वायर सोडवली आणि खण बाहेर काढला.

भागूबाई ओसरीत उशांना टेकून बसली होती. तिथून तिला त्याची पाठ दिसत होती. "नका करू हो ते," ती एकदा म्हणाली. "उगंच तकलीफ घेऊन राहिले." त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

स्क्रू गंजले नव्हते. तिसरा ढिला होताच मोटार त्याच्या तळहातावर उतरली. तिच्या टोकाला पंख्याचं गोल चाक होतं, पिंजऱ्यासारखं, बारीक पात्यांचं. पण पाती दिसत नव्हती. चिंध्या, तुरीचं भूस, हळदीच्या वाळक्या पानांचे तुकडे, असं सगळं गुंडाळून चाकाला बसलं होतं. उंदराचं घर. त्यात अडकूनच मोटार जळाली होती. मुंजाजीला बरं वाटलं. कारण कळलं की निम्मं काम झालं.

मग पेटी साफ करायला त्याने वर हात घातला. बोटांना आधी वाळून कडक झालेला उंदीर लागला. तो त्याने शेपटीला धरून काढला. पुन्हा हात घातला तेव्हा मूठभर बारीक खडी हाताला आली, जाड रव्यासारखी. त्याने मूठ उन्हात उघडली.

राखाडी दाणे होते.

ते दाणे ओळखायला त्याला वास घ्यायची गरज नव्हती. वास त्याला येतही नव्हता. तीस वर्षांच्या वार्निशने त्याचं नाक कधीच मेलं होतं. पण हळद लावणाऱ्या कुणालाही ते नजरेने कळले असते. हळदीच्या गड्ड्याला माशी लागते, ती आतून गड्डा कुजवते. त्यासाठी मातीत टाकायचं हे औषध. आता त्याच्यावर बंदी आली होती, पण मागच्या सालचं अर्धं पुडकं कोठ्यात उरलं होतं.

आणि ते कुठे संपलं तेही त्याला आठवलं. दसऱ्यानंतर उंदरांनी गाडीच्या वायरी कुरतडल्या होत्या. गाडी सुरू होईना, भागूबाईची पाळी चुकते की काय अशी वेळ आली. बियाण्याच्या हळदीभोवती उंदीर येऊ नयेत म्हणून कुरुंद्यात लोक जे करतात तेच मग त्याने केलं. कोठ्याच्या कडेने टाकतात तसे बॉनेटच्या आत चार दाणे टाकले, आणि काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली जी जाळी असते, तिच्यात उरलेल्या दोन मुठी ओतल्या. उंदीर तिथूनच आत शिरत होते. दाणे जाळीतून खाली गेले ते त्याने पाहिलं होतं. कुठे गेले, याचा विचार केला नव्हता.

आता पेटी उघडी होती आणि उत्तर समोर होतं. ब्लोअर हवा ओढतो ती त्याच जाळीतून. ती हवा पेटीत येते, पंखा तिला ढकलतो, गरम नळ्यांवरून ती पुढे जाते आणि डॅशबोर्डवरच्या जाळ्यांतून माणसाच्या तोंडावर येते. दाणे पेटीत होते. आणि भागूबाईला थंडी वाजते म्हणून चारही जाळ्या त्याने स्वतःच्या हाताने तिच्याकडे वळवल्या होत्या.

त्याने मूठ पोत्यावर रिकामी केली. विहिरीच्या नळावर जाऊन साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तिथेच उभा राहून पल्लवीला फोन लावला. पल्लवी त्याची लेक, साखऱ्याच्या उपकेंद्रात नर्स होती.

"पल्लवी, फवारणीची बाधा झालेली माणसं येत्यात तुझ्याकडं. त्यांना काय होतं?"

"आता जानेवारीत काहून विचारून राहिले बाबा?"

"सांग तू."

"लाळ गळती. घाम येतो, उलट्या व्हत्यात. डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या व्हत्यात. नाडी मंद..." ती बोलता बोलता थांबली. "बाबा?"

"नुसत्या वासानं व्हईल का? दाण्याच्या. गरम हवेतून."

"कुठले दाणे?"

त्याने सांगितलं.

"गेल्या शुक्रवारी येताना ब्लोअर बंद व्हता म्हणले ना तुमी," पल्लवी म्हणाली. "येताना उलटी झाली का तिला?"

मुंजाजीने आठवून पाहिलं. कुडकुडली होती. पण वाटेत एकदाही गाडी थांबवावी लागली नव्हती. दीड महिन्यात पहिल्यांदाच.

"न्हाई झाली."

"मंग हे किडनीचं न्हाई. मी आत्ताच दवाखान्यात फोन करून सांगते, उद्या तिच्या रक्तात ह्या औषधाची बाधा हाय का तेबी तपासतील. तुमी त्या गाडीत बसू नका. दाणे जाळू नका, पाण्यात टाकू नका, पिशवीत बांधून ठेवा. साबण लावून आंघोळ करा, कपडे बदला. आणि उद्या काय बी करून तिला मशीनवर आणा बाबा, मी सरळ तिथं येते. आईला सांगितलं का?"

"न्हाई."

"मी सांगू?"

"नको. बघतो मी."

त्याने तोंडावर फडकं बांधून, हातात जुन्या पिशव्या चढवून दाणे वेचले. पेटी ओल्या फडक्याने सात वेळा पुसली. मग नवी मोटार बसवली, तीन स्क्रू आवळले, पिन लावली, बॅटरी जोडली आणि दाराबाहेर उभं राहूनच हात लांबवून बटण दाबलं. ब्लोअर सुरू झाला. आवाज स्वच्छ होता, कुठे घासत नव्हता. काम उत्तम झालं होतं.

खरं सांगायचं तर या घटकेला त्याच्या मनात आलं की कुणाला काही बोलायची गरज काय. पल्लवीला दम देऊन गप्प करता येईल. उद्या दुसऱ्या गाडीने न्यायचं, ही गाडी विकून टाकायची. भागूबाईला वाटेत त्रास होणार नाही, ती म्हणेल, या खेपेला मशीन मानवली. दोघांचंही भलं. आंघोळ करून, कपडे बदलून तो ओसरीत गेला आणि तिच्या बाजेशेजारी बसला.

"झालं बघ काम. उद्या तुला काळीपिवळी सांगतो, बसायला ऐसपैस. जाऊ आपण."

"गाडी बदलली म्हणून मशीन गोड व्हती का?"

"एकदा चल. या खेपेला त्रास न्हाई व्हनार."

"तुमाला काय ठावं?" तिने त्याच्याकडे न बघता विचारलं. बोलताना तिला मधे श्वास घ्यावा लागत होता. "दर डावाला म्हणता, या खेपेला न्हाई व्हनार. म्या पेटीतल्या साड्या काढून ठेवल्या. हिरवी पल्लवीला द्या. मला आता नका नेऊ कुठं."

तिच्या पायावर त्याने बोट दाबून पाहिलं. खड्डा पडला आणि भरून यायला तयार नव्हता. तिला मशीनने मारलं नव्हतं हे तिला पटायचं, तर कोणी मारलं ते सांगणं भाग होतं. तिसरी वाट नव्हती.

"भागू, मशीननं न्हाई तुला आजारी केलं."

"मंग?"

"म्या."

आणि त्याने सांगितलं. गिऱ्हाइकाला मोटार का जळाली ते सांगायचा तसं, क्रमाने, काही न गाळता. जाळी, दाणे, पेटी, पंखा, गरम नळी. तिच्याकडे वळवलेल्या चार जाळ्या.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"थंडी पडल्यापून. हीटर लावायला लागलो तवापून. बारा फेऱ्या असतील."

"मी म्हणले व्हते, वास येऊन राहिला म्हणून."

"व्हय."

"कितीदा म्हणले?"

"लई डाव."

"तुमी काय म्हणले?"

त्याला ते तोंडाने म्हणायचं नव्हतं. पण ती वाट बघत होती.

"म्या म्हणलं, किडनीच्या माणसाला कशाचा बी वास येतो."

"काच खाली करा म्हणले, तवा?"

"थंडी बाधंल म्हणून... वर केली."

भागूबाईने मान हलवली, हिशोब बराबर असल्यासारखी. ती रडली नाही, ओरडलीही नाही. त्याला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने तोंड पुसलं, मग म्हणाली, "म्हंजी मशीन चांगली हाय."

"चांगली हाय."

"मंग जाते उद्या."

मुंजाजी लगेच उठला. "आत्ता धनसिंगला सांगून येतो. सहाला जीप दारात आणंल. तू फकस्त शाल घे, बाकी मी..."

"तुमी नका येऊ."

"भागू, एकली कशी जाशील? पाय बघ तुझे."

"पल्लवी हाय तिथं." ती भिंतीकडे वळली. "एकलीच बरी."

शुक्रवारी सहाला तांड्यावरच्या धनसिंगची जीप आली. मुंजाजीने तिला दंडाला धरून उठवायला हात पुढे केला. तिने बाजेचा कठडा धरला, मग दाराची चौकट, मग जीपचा दांडा, आणि स्वतःच चढली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशिवाय निघाली होती. धनसिंगने आरशातून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी काढली.

साडेदहाला पल्लवीचा फोन आला. मशीन लागली होती. छातीत पाणी भरायला सुरुवात झाली होती. आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. बाधा उतरून जाईल म्हणाले, रक्त तपासायला घेतलं होतं.

"वाटेत उलटी?"

"न्हाई झाली."

"काही बोलली का?"

"झोपली बाबा," पल्लवी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि दुसरंही काही नव्हतं.

तो अंगणात गाडीपाशी जाऊन उभा राहिला. दाराची काच खाली होती. आत जाऊन ती वर करावी असं क्षणभर त्याला वाटलं, मग त्याने तशीच राहू दिली.

संध्याकाळी भागूबाई घरी आली. पाय उतरले होते. चेहऱ्यावर तरतरी आली होती, पुष्कळ दिवसांनी तिने स्वतःहून भाकरी मागितली. जेवणाबरोबर तिला एक गोळी असायची. दोन वर्षं ती गोळी मुंजाजी पाकिटातून काढून तिच्या तळहातावर ठेवत आला होता, आणि ती बोलता बोलता, न बघता, तोंडात टाकत आली होती. आजही त्याने ताट ठेवलं, गोळी काढली आणि हात पुढे केला.

भागूबाईने गोळी घेतली, पण तोंडात टाकली नाही. "पाकीट द्या," ती म्हणाली.

तिला वाचता येत नव्हतं. त्याने पाकीट दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, नाकाशी नेलं आणि सावकाश वास घेतला. मग गोळीचा घेतला. मग ताटातल्या वरणाची वाटी उचलून तिचाही घेतला. ती हे त्याला दाखवायला करत नव्हती, त्याच्याकडे तिचं लक्षही नव्हतं. रस्ता ओलांडताना माणूस दोन्हीकडे बघतो, तशी ती फक्त बघून घेत होती.

तिचं होईपर्यंत मुंजाजी पाण्याचा पेला हातात धरून उभा राहिला. मग तिने गोळी तोंडात टाकली आणि पाण्यासाठी हात पुढे केला. त्याने पेला दिला. तिने तोही आधी नाकाशी नेला.